फुटपाथवर आडव्या पडलेल्या भाड्याच्या स्कूटर : उचलून बाजूला ठेवायच्या की तक्रार करायची?

ओंजळ
विषय छोटा वाटेल, पण माझ्यासाठी रोज सकाळचा आहे, म्हणून विचारते.

माझ्या बाबांची नजर गेल्या चार वर्षांत जवळजवळ गेली. ते पांढरी काठी घेऊन एकटे फिरायला जातात. यातला 'एकटे' हा शब्द त्यांनी फार कष्टाने मिळवलाय. घर, कोपरा, बाग आणि परत, एवढीच वाट. पण ती त्यांना पाठ आहे. कुठलं झाकण डुगडुगतं, उतार कुठे सुरू होतो, सगळं.

वर्षभरापासून त्या वाटेवर अ‍ॅपवरून भाड्याने मिळणाऱ्या स्कूटर (उभं राहून चालवतात त्या) आणि सायकली कुठेही सोडलेल्या असतात. मागच्या महिन्यात एक स्कूटर आडवी पडली होती. बाबांच्या काठीचं टोक तिच्या दांड्याखालच्या फटीतून सरळ पुढे गेलं, काठीला काही लागलंच नाही, आणि वर आलेलं हँडल नडगीवर बसलं. धक्का लागल्याबरोबर स्कूटरचा अलार्म किंचाळायला लागला. बाबा पडले नाहीत. पण आपल्याला काय लागलं, आवाज कशाचा, काहीच कळेना, म्हणून ते जागच्या जागी दोनदा वळले आणि तिथेच दिशा गेली. शेजारच्या मुलाने घरी आणून सोडलं. मी जखम धूत होते तर म्हणाले, "लागल्याचं काही नाही गं. वाट चुकली."

तेव्हापासून मी त्यांच्याआधी दहा मिनिटं निघते आणि वाटेतल्या सगळ्या बाजूला करून येते. त्यांना हे सांगितलेलं नाही. नवरा म्हणतो, तू उचलत राहिलीस तर कोणाला कधी कळणारच नाही की इथे त्रास आहे. त्याचंही पटतं. तुम्ही काय कराल?

टिंब
ओंजळताई, 'वाट चुकली' हे वाक्य डोक्यातून जात नाहीये. बाबांना माझा नमस्कार सांगा.

जुनाजाणता
उचलायचं नाही आणि तक्रारही करायची नाही. बंद करा म्हणायचं, एवढंच. पॅरिसने केलंच की. २ एप्रिल २०२३ला लोकांचा कौल घेतला. मत द्यायला आलेल्यांपैकी जवळपास ९० टक्के लोकांनी 'नको' म्हटलं आणि त्याच वर्षी १ सप्टेंबरपासून शहरातल्या भाड्याच्या स्कूटर गेल्या. लाइम, डॉट आणि टिअर अशा तीन कंपन्या होत्या, मिळून सुमारे पंधरा हजार गाड्या. एका कौलात प्रश्न मिटला.

फुटपाथ हा चालणाऱ्याचा. त्याच्यावर कोणाला दुकान मांडायचं असेल तर आपण भाडं मागतो, परवाना मागतो. इथे एक कंपनी आपला सगळा माल फुटपाथवर ठेवून जाते आणि त्याला आपण सोय म्हणतो.

चक्रधर
काका, अर्धीच गोष्ट सांगितलीत. त्या कौलाला पात्र मतदारांपैकी आठ टक्केही आले नव्हते. जे रोज या स्कूटर चालवतात ती तरुण मंडळी रविवारी केंद्रावर फिरकलीच नाहीत. आणि पॅरिसने भाड्याच्या सायकली बंद केलेल्या नाहीत, त्या जोरात चालू आहेत.

मी रोज वापरतो. स्टेशनपासून कामाच्या जागेपर्यंत तीन किलोमीटर, बस वेळेवर नाही, चालत गेलो तर पाऊण तास. ही सोय नसती तर मी गाडी घेतली असती आणि ती गाडी दिवसभर दहा-बारा चौरस मीटर जागा अडवून उभी राहिली असती. तेवढ्या जागेत आठ-दहा सायकली सहज मावतात. ओंजळ यांच्या बाबांना जे झालं ते वाईटच, त्याबद्दल दुमत नाही. पण रस्त्याच्या दोन्ही कडांना मोटारींची जी भिंत उभी आहे ती आपल्याला दिसेनाशी झालीये, आणि एक स्कूटर आडवी पडली की लगेच डोळ्यांवर येते.

मुसाफिर७
चक्रधर +१. वाहनाचा दोष नाही, सोडणाऱ्याचा आहे. चार दिवस दंड बसू द्या, सगळे सरळ येतील.

पाणंद
दंड करायचा तर गाडी नक्की कुठे उभी आहे हे आधी कळायला हवं, घोडं तिथेच पेंड खातं. माझं काम रस्त्यांच्या आखणीचं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

भाडं संपवताना अ‍ॅप जीपीएसवरून जागा ठरवतं. उघड्या आकाशाखाली फोनचं जीपीएस साधारण पाच मीटरपर्यंत अचूक असतं. दोन्ही बाजूंना उंच इमारती असल्या की उपग्रहाचा सिग्नल भिंतींवर आपटून येतो आणि चूक आणखी वाढते. फुटपाथ असतो दोन-अडीच मीटर रुंद. म्हणजे गाडी भिंतीला टेकवली आहे, मधोमध आहे की रस्त्यात उतरवली आहे, यातला फरक जीपीएसला दिसतच नाही. नकाशावर आखलेल्या हद्दीबाहेर सोडली एवढं कळतं, पण वाटेत आडवी सोडली हे कळत नाही. म्हणून मग शेवटी फोटो काढायला लावतात. तो फोटो वाहन सोडून जाणाराच काढतो, कोन तोच निवडतो, आणि स्कूटर पाच मिनिटांनी वाऱ्याने पडली तर फोटोत ती उभीच असते.

सिंगापूरने यावर चांगला तोडगा काढला. तिथे २०१७-१८मध्ये डॉक (सायकल अडकवून ठेवायचा ठरलेला खांब) नसलेल्या सायकलींचा असाच सुळसुळाट झाला होता. जानेवारी २०१९पासून त्यांनी सायकल ठेवायच्या जागेवरच क्यूआर कोड लावले. जागेवर जाऊन तो कोड स्कॅन केल्याशिवाय भाडं रीतसर संपत नाही, आणि तसंच सोडून गेलात तर दर वेळी ५ डॉलर कापले जातात. पुन्हा पुन्हा केलंत तर महिनाभरापर्यंत कुठल्याच कंपनीची सायकल मिळत नाही. 'कुठल्याच' हा शब्द महत्त्वाचा. एका अ‍ॅपने हाकललं की दुसऱ्या अ‍ॅपवर जायची पळवाट तिथे बंद झाली.

पण त्यासाठी आधी ठेवायच्या जागा आखाव्या लागतात, आणि त्या फुटपाथवर आखल्या तर मूळ दुखणं तसंच राहतं. त्या रस्त्यावर, मोटारींच्या रांगेतून काढायच्या. झेब्रा क्रॉसिंगच्या अलीकडचे काही मीटर मोटार उभी करायला नकोच असतात, कारण ओलांडणारं माणूस तिच्याआड दिसत नाही, मूल तर मुळीच नाही. तिथे सायकली आणि स्कूटर लावा. त्या बुटक्या, त्यांच्यावरून पलीकडचं दिसतं. रंगाचे चार पट्टे आणि दोन खांब, एवढाच खर्च.

जुनाजाणता
@पाणंद, हे पटलं. पण जागा आखून होईपर्यंत गाड्या उतरवू देऊ नका, एवढं तरी मान्य करा. आधी गाड्या येतात, मग लोक पडतात, मग जागा आखतात. क्रम उलटा आहे.

पाणंद
मान्य. अगदी मान्य.

खडूफळा
क्रम उलटा कसा झाला ते जुन्या गोष्टीवरून कळतं, म्हणून थोडं अवांतर.

अ‍ॅमस्टरडॅममध्ये १९६५ साली प्रोवो नावाच्या तरुणांच्या गटाने काही सायकली पांढऱ्या रंगवल्या आणि कुलूप न लावता रस्त्यावर सोडल्या. कोणीही घ्या, कुठेही सोडा. कल्पना लुड स्खिमेलपेनिंक यांची. मोटारींच्या गर्दीला उत्तर म्हणून सगळ्यांच्या मालकीची सायकल. पोलिसांनी त्या उचलून नेल्या, कारण बिनकुलपी सायकल ठेवणं नियमाविरुद्ध होतं! फ्रान्समधल्या ला रोशेल गावाने १९७४मध्ये पिवळ्या सायकली आणल्या. १९९५मध्ये कोपनहेगनने ठरलेल्या जागा केल्या. नाणं टाकून सायकल सोडवायची आणि परत जागेवर लावली की नाणं परत. २००७मध्ये पॅरिसची व्हेलिब ही भाड्याच्या सायकलींची सेवा आली ती पक्क्या डॉकची. म्हणजे चाळीस वर्षांत लोक एवढं शिकले की सायकलीला घर लागतं.

मग फोन आले आणि ते शिकलेलं पुसलं गेलं. चीनमध्ये ओफो आणि मोबाइक या कंपन्यांनी डॉकच काढून टाकले. सायकल स्वस्त आणि कुलूप फोनने उघडणारं. जो जास्त सायकली ओतेल त्याला गिऱ्हाईक आधी सापडेल, म्हणून सगळेच ओतत सुटले. एकट्या शांघायमध्ये १५ लाख झाल्या, तेव्हा ऑगस्ट २०१७मध्ये शहराने नवीन सायकली उतरवायला बंदी केली. मोकळ्या मैदानांवर रंगीत सायकलींचे ढीग रचलेले असायचे, त्यांचे वरून काढलेले फोटो बऱ्याच जणांना आठवत असतील. २०१८च्या शेवटी ओफोकडे अनामत परत मागणाऱ्यांची रांग एक कोटीच्या वर गेली होती.

या सगळ्यात फुटपाथची जागा फुकट होती हे कळीचं. डॉकला जागा विकत किंवा भाड्याने घ्यावी लागते, परवानगी लागते. डॉक काढला तो खर्च गेला, आणि तो चालणाऱ्याच्या खात्यावर पडला.

टिंब
शेवटचा परिच्छेद शंभर टक्के.

गिअरबदल
मी दीड वर्ष या स्कूटर गोळा करायचं आणि लावायचं काम केलंय, कंपनीचं नाव सांगत नाही. आतली बाजू सांगतो.

सुरुवातीला रात्री गाड्या उचलून घरी चार्ज करायच्या, नगाप्रमाणे पैसे. नंतर बॅटरी निघणाऱ्या गाड्या आल्या, मग व्हॅनमधून फिरून नुसती बॅटरी बदलायची. पहाटे चार-साडेचारला रांगा लावायचो. अ‍ॅप सांगायचं तिथेच लावायच्या, आणि अ‍ॅप सांगणार जिथे पाय जास्त तिथे. म्हणजे जो फुटपाथ आधीच भरलेला तोच.

पाडायला दर वेळी माणूसच लागतो असं नाही. स्टँड एका बाजूला, दांडा उंच. वारा उलट्या बाजूने आला की गाडी कलंडते, आणि रांगेत एक कलंडली की पत्त्यांसारख्या सगळ्या जातात. मी स्वतः सरळ लावलेली रांग तासाभरात आडवी झालेली बघितली आहे. ती परत उभी करायला कोणी पाठवायचं नाही, कारण बॅटरी भरलेली असली की गाडी नकाशावर 'तयार' दिसते. पडलेली असली तरी तयारच.

ओंजळताई, उचलणार असाल तर एक सांगतो. हल्लीच्या भाड्याच्या गाड्या पंचवीस-तीस किलोच्या असतात, सबंध उचलू नका, पाठ धरेल. भाड्यावर नसताना मोटारवालं चाक बहुधा अडकवलेलं असतं. ज्या चाकाचा मधला भाग जाड ते मोटारीचं. तेवढंच चाक वर धरायचं आणि गाडी दुसऱ्या चाकावर ढकलत न्यायची.

रातवा
मी रात्रपाळीची नर्स आहे. पाळी संपते तेव्हा बस नसते. पहाटेच्या अंधारात एकटीने चालत जाण्यापेक्षा मला ही सायकल फार मोठा आधार वाटते. त्यामुळे 'बंद करा' वाचून पोटात गोळा येतो.

पण हा धागा वाचून एक गोष्ट कबूल करावीशी वाटते. एकदा अ‍ॅपवर आखलेली जागा पूर्ण भरलेली होती. पुढची चारशे मीटरवर. बारा तास उभी राहून आले होते, पाय दुखत होते. मी सायकल तिथेच, फुटपाथच्या पिवळ्या उंचवट्यांच्या पट्टीवर लावली, फोटो काढला आणि गेले. अ‍ॅपने 'धन्यवाद' म्हटलं. ती पट्टी कशासाठी असते हे मला तेव्हा माहीत नव्हतं. ओंजळ, मला माफ करा.

ओंजळ
रातवा, माफी कसली. तुम्ही बारा तास लोकांची सेवा करून येत होतात. जागा भरलेली असेल तर पुढे काय, याचं उत्तर अ‍ॅपने द्यायला हवं होतं.

मुसाफिर७
ती पिवळी पट्टी कशासाठी असते? मला ती घसरू नये म्हणून वाटायची.

पाणंद
नजर नसलेल्यांसाठी. पायाच्या तळव्याला आणि काठीला कळावं म्हणून. लांब उभ्या रेघा असतील तर 'असंच पुढे चला', गोल टिकल्या असतील तर 'थांबा, पुढे रस्ता किंवा पायरी आहे'. जपानच्या सेइइची मियाके यांनी ही कल्पना काढली. पहिली पट्टी १९६७मध्ये ओकायामा शहरात एका अंधशाळेजवळच्या रस्त्यावर बसवली गेली.

कवडसा
मी जन्मापासून बघू शकत नाही. फोन हा धागा मला वाचून दाखवतो आणि मी बोलून लिहितो, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

ओंजळताईंच्या बाबांना जे झालं ते मला माझ्या अंगावर झाल्यासारखं कळलं. काठी जमिनीलगत डावी-उजवी फिरते, पावलाच्या एक पाऊल पुढे. खांब, भिंत, माणूस, सगळ्याचा पाय जमिनीला असतो, म्हणून काठीला सापडतो. स्कूटरचं तसं नाही. चाक सापडतं, मी चाकाला वळसा घालतो, आणि हँडल चाकापेक्षा दोन्हीकडे रुंद असतं, ते कोपराला नाहीतर बरगडीला लागतं. आडवी पडली की तर विचारू नका.

अडथळ्याची मला भीती नाही. माझ्या वाटेवर एक झाड आहे, फुटपाथच्या बरोबर मधे. ते माझं आवडतं झाड आहे, कारण ते रोज तिथेच असतं. त्याला हात लावला की कळतं, आता बावीस पावलांवर वळण. स्कूटर आज इथे, उद्या तिथे. ती नुसती आडवी येत नाही, ती माझ्या डोक्यातला नकाशा खोटा पाडते. बाबा 'वाट चुकली' म्हणाले ते असं.

आता ताईंच्या प्रश्नाबद्दल. डोळस माणसं मदत म्हणून स्कूटर भिंतीला टेकवून ठेवतात. कृपा करून तसं करू नका. आमच्यातले खूप जण भिंतीच्या कडेने काठी लावत चालतात, भिंत हाच आमचा काठ. तिथे ठेवलीत तर वाट मोकळी दिसेल तुम्हाला, बंद होईल आम्हाला. ठेवायची तर रस्त्याकडच्या कडेला, जिथे झाडं आणि दिव्याचे खांब एका रांगेत असतात त्या रांगेत, दोन खांबांच्या मधे. आणि फुटपाथ जिथे रस्त्याला उतरतो त्या उतारावर कधीच नाही. तो उतार चाकाच्या खुर्चीवाल्यांचा दरवाजा आहे.

चक्रधर
कवडसा, मी दोन वर्षं रोज भिंतीला टेकवून ठेवतोय आणि मनात म्हणतोय की बघा, मी किती नीट लावतो. उद्यापासून खांबांच्या रांगेत. माझ्या ऑफिसच्या गटातही तुमचा हा परिच्छेद पाठवू का?

कवडसा
जरूर पाठवा.

जुनाजाणता
मी वर 'बंद करा' लिहिलं. रातवा यांचं वाचून जरा थांबलो. त्यांची पहाटेची सायकल मला काढून घ्यायची नाहीये. पण ठरलेल्या जागेशिवाय एकही नको, यावरून मी हलणार नाही. स्कूटरना तर नाहीच.

खडूफळा
काका, मग तुमचं आणि पाणंद यांचं एकच म्हणणं झालं की.

जुनाजाणता
होऊ दे.

मुसाफिर७
सगळं खरं, पण ओंजळ यांनी विचारलेलं राहिलंच. उचलायची की तक्रार करायची?

गिअरबदल
दोन्ही, पण क्रमाने. आधी फोटो, मग उचलायची. फोटो असा घ्या की गाडी आणि फुटपाथची पूर्ण रुंदी एकत्र दिसेल, म्हणजे चालायला किती जागा उरली ते कळतं. नुसता गाडीचा जवळून काढलेला फोटो आमच्याकडे आला तर आम्ही 'गाडी ठीक आहे' म्हणून बंद करायचो, हे खरं सांगतो. दुसरा फोटो गाडीच्या नंबरचा. नंबरावरून आधीचं भाडं कोणाचं होतं ते लगेच निघतं. नंबर नसेल तर तक्रार हवेत जाते.

आणि कंपनीला पाठवाल तशीच प्रत नगरपालिकेला पाठवा. परवाना तिथून मिळतो. नूतनीकरणाच्या वेळी फाइलमध्ये तक्रारी किती हे बघितलं जातं, आणि तिथे फोन करून सांगितलेल्या तक्रारी दिसत नाहीत, लेखी दिसतात.

पाणंद
यात भर : रोजच्या फोटोंवर तारीख आणि जागा येऊ द्या. एकाच कोपऱ्यावरचे महिन्याभराचे तीस फोटो असले तर ती तक्रार राहत नाही, जागा आखायची मागणी होते. अशा कागदावर मी स्वतः काम केलंय. एक रागावलेलं पत्र बाजूला ठेवता येतं, तीस तारखा ठेवता येत नाहीत.

रातवा
आणि ओंजळ, बाबांना सांगून टाका ना. त्यांना नंतर दुसऱ्या कोणाकडून कळलं तर जास्त लागेल.

ओंजळ
सगळ्यांचे मनापासून आभार. आठवडाभर लिहायला जमलं नाही.

रविवारी बाबांना सांगितलं. थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग विचारलं, "कुठे ठेवतेस त्या?" मी म्हटलं, भिंतीला. म्हणाले, "तरीच. हल्ली तिसऱ्या फाटकापाशी काहीतरी लागतं रोज." मी कवडसा यांचा प्रतिसाद वाचून दाखवला. झाडाचा भाग दोनदा वाचायला लावला.

आता आम्ही दोघं बरोबर निघतो. ते काठीने शोधतात, मी फोटो काढते, मग मोटारीचं चाक वर धरून खांबांच्या रांगेत नेऊन ठेवते. बागेपासून पुढे ते एकटे जातात, मी मागे फिरते. सहा दिवसांत अकरा फोटो झाले, त्यातले सात एकाच कोपऱ्यावरचे.

गिअरबदल, एक अडलंय. सायकलीचा नंबर मागच्या मडगार्डवर मिळाला, पण स्कूटर आडवी असली की नंबर सापडत नाही. कुठे बघायचा?

गिअरबदल
हँडलच्या मधोमध क्यूआर कोड असतो, त्याच्या खाली बारीक अक्षरात. तो खरवडलेला असेल तर पाय ठेवायच्या फळीच्या मागच्या टोकाला बघा, बऱ्याच गाड्यांवर तिथेही स्टिकर असतो.

ओंजळ
फळीवर सापडला. बारावा फोटो पाठवला.